पॅरिस ते रोम : विमान दोन तासांचे, प्रवास आठ तासांचा

पॅरिस ते रोम हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १,१०० किलोमीटर आहे आणि आमच्या तिकिटावर विमानाची वेळ दोन तास दहा मिनिटे छापलेली होती. त्यावर विसंबून आम्ही दोघांनी त्याच सकाळी रोम बघायला बाहेर पडायचे ठरवले होते. प्रत्यक्षात पॅरिसच्या हॉटेलातून पहाटे ४.२० वाजता निघून रोमच्या तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकाजवळच्या खोलीवर पोहोचायला दुपारचे १२.२० वाजले.

तिकिटावरचा कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा उभे राहीपर्यंतचा असतो आणि तो खरा ठरला. दिशाभूल केली ती विमानतळाच्या नावाने. ‘पॅरिस बोव्हे’ हा विमानतळ पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. तिथे मेट्रो जात नाही. रेल्वेने गेलात तर पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकाहून बोव्हे गावापर्यंत सव्वा तास मोडतो आणि पुढे विमानतळासाठी वेगळे वाहन शोधावे लागते. राहते ती बस. आमचे उड्डाण ८.४० चे, म्हणून ५.१५ ची बस धरणे भाग होते. आणि पॅरिसची मेट्रो सुरू होते साडेपाचच्या सुमारास. म्हणजे बस गाठण्यासाठी टॅक्सी आलीच. टॅक्सीचे भाडे आणि बसची दोन तिकिटे जोडल्यावर स्वस्त तिकिटात वाचवलेले सगळे पैसे तिथेच संपले. थेट टॅक्सीचा विचार तर मनातही आणू नये, कारण शार्ल द गोल आणि ओर्ली या पॅरिसच्या इतर दोन विमानतळांसाठी असलेले ठरीव भाडे बोव्हेला लागू नाही.

पोहोचल्यावर आणखी एक रांग निघाली. मोबाइलवर बोर्डिंग पास असूनही, युरोपीय संघाबाहेरचा पासपोर्ट असल्यामुळे काउंटरवर व्हिसा दाखवून शिक्का घ्यावा लागला. ही सूचना पासवर इतक्या बारीक अक्षरांत होती की पत्नीने चष्मा लावून ती दोनदा वाचली. भारतीय पासपोर्टधारकांनी तेवढ्यासाठी पाऊण तास हाती ठेवावा.

माझे स्पष्ट मत असे आहे की सकाळी दहाच्या आधीचे बोव्हेचे उड्डाण घेऊच नये. तीस-चाळीस युरो जास्त पडले तरी ओर्लीहून निघावे. जून २०२४ पासून मेट्रोची १४ क्रमांकाची मार्गिका थेट तिथे जाते. रेल्वेची आवड असणाऱ्यांसाठी पॅरिस-मिलान थेट गाडी, जी २०२३ मध्ये दरड कोसळल्याने बंद पडली होती, ती मार्च २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. मिलानला सुमारे सात तास आणि पुढे रोमला तीन तास लागतात. पूर्ण दिवस जातो, पण शहरातून शहरात उतरता येते, आणि पुढच्या वेळी मी हाच मार्ग धरणार आहे.

रोमचे चार दिवस उत्तम गेले. फक्त रोमच्या चाम्पिनो विमानतळावर उतरल्यावर आतच गाठून ‘टॅक्सी?’ विचारणाऱ्यांबरोबर जाऊ नका. आम्ही थकलेलो असल्याने त्यांच्याबरोबर गेलो आणि जास्तीचे पैसे मोजले. बाहेरच्या अधिकृत थांब्यावर पांढरी टॅक्सी घ्यावी. ऑरेलियन तटबंदीच्या, म्हणजे जुन्या रोमभोवतीच्या प्राचीन भिंतीच्या, आतील पत्त्यासाठी महापालिकेने भाडे ठरवून दिलेले आहे. ते माणशी नसून पूर्ण गाडीचे असते आणि त्यात सामानही धरलेले असते. बसण्यापूर्वी ते चालकाकडून वदवून घ्यावे.