टाउनशिप ग्रामपंचायतीत येते तेव्हा

टाउनशिपच्या कमानीवर कितीही मोठं नाव असो, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उतरंडीत त्या नावाला जागा नाही. पुण्याच्या कडेने पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत उभ्या राहिलेल्या कित्येक वसाहती कायद्याच्या नजरेत एका ग्रामपंचायतीचा भाग आहेत. बांधकाम परवानगी पीएमआरडीएची, घरपट्टी ग्रामपंचायतीची, आणि आतले रस्ते-पाणी मंजुरीच्या अटींप्रमाणे विकसकाकडे. तक्रार चुकीच्या दारात गेली की महिनोन्‌महिने पडून राहते, ती यामुळेच.

पाण्यासाठी सरपंचांकडे जाण्याआधी टाउनशिपच्या मंजुरीपत्राची प्रत मिळवा. विकसकाने काय द्यायचं ते त्यात असतं, आणि अर्ज त्या अटीचा क्रमांक टाकूनच करायचा. बाहेरच्या रस्त्याचा वर्ग आधी तपासा: ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे.

फ्लॅट घेतल्यावर इंडेक्स टूची (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) प्रत देऊन नमुना 8 वर (ग्रामपंचायतीची घरपट्टी आकारणीची नोंद) स्वतःचं नाव लावून घ्या, नाहीतर नोंद बिल्डरच्याच नावावर राहते.

खरी अडचण प्रतिनिधित्वाची आहे. ग्रामपंचायतीत सदस्य 7 ते 17. लोकसंख्या 7500 च्या वर कितीही गेली तरी 17 च. आणि लोकसंख्या धरली जाते 2011 च्या जनगणनेची. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतींना येणारा निधीही मुख्यतः त्याच आकड्यावर वाटला गेला. म्हणजे 2011 नंतर राहायला आलेली हजारो कुटुंबं कचरा करतात, घरपट्टी भरतात, पण निधीच्या हिशेबात नसतात. हा अन्याय आहे, आणि तो गावकऱ्यांनी केलेला नाही. गावाचीही त्यात तेवढीच ओढाताण होते.

हातात असलेली गोष्ट म्हणजे मतदार यादी. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीतूनच फोडली जाते. जुन्या पत्त्यावर नाव असेल तर नमुना 8 भरायचा (हा निवडणुकीचा, घरपट्टीचा नव्हे). नमुना 6 फक्त नव्या नोंदणीसाठी. प्रभागनिहाय प्रारूप यादी लागली की आपली इमारत भलत्याच प्रभागात गेली नाही ना ते पाहा. हरकत तेव्हाच घेता येते. नवं नाव मात्र त्या टप्प्यावर घुसवता येत नाही.

ग्रामसभा वर्षातून किमान 4. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यातली कमी असेल ती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि टाउनशिपचे विषय हुकतात ते बहुतेकदा तिथेच. विषय आधी ग्रामसेवकाकडे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) लेखी द्या, पोच घ्या.

महापालिकेत गेलं की सगळं सुटेल, असं अनेकांना वाटतं. पुण्याजवळची नांदेड सिटी ही टाउनशिप ज्या गावात आहे ते नांदेड 30 जून 2021 ला इतर 22 गावांसह पुणे महापालिकेत गेलं. ग्रामपंचायत त्याच वेळी संपली; नगरसेवक मात्र जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर मिळाले. मिळकतकर पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्याच दराने असतो, मग दरवर्षी 20 टक्क्यांच्या टप्प्याने चढत महापालिकेच्या दराला भिडतो. बिल आलं की वर्ष आणि टप्पा जुळतो का, हे आधी तपासा.