पिक्चरच्या आधीचा तो आकडा

पिक्चर सुरू व्हायच्या आधी १२ किंवा १५ असा, कितव्या वयापासून बघायला चालेल ते सांगणारा आकडा येतो ना, तो कोणीतरी केबिनमध्ये बसून ठरवतं असंच मला वाटायचं, पण ब्रिटनमध्ये बीबीएफसी, म्हणजे १९१२ पासून हे काम करणारी संस्था, दर चार-पाच वर्षांनी लोकांनाच विचारते. २०२४ च्या नियमांसाठी तब्बल १२ हजार जणांची मतं घेतली, आणि उत्तरं बघा, गांजा ओढण्याबद्दल लोक आधीपेक्षा सैल झालेत पण सेक्स सीनबद्दल उलट कडक, १२ ला चालायचे त्यातले काही १५ ला न्या म्हणाले. लोक सगळ्याच बाबतीत सैल होत चाललेत हा समज इथे साफ खोटा पडतो, आणि मला तेच फार महत्त्वाचं वाटतं.

टीव्हीचं तिकडे ऑफकॉम ही नियामक संस्था बघते, मुलांसाठी योग्य नाही ते रात्री ९ च्या आधी नको. शिव्यांवरपण त्यांनी रिसर्च केलाय, एकेक शब्द लोकांपुढे ठेवून सौम्य, मध्यम की तीव्र असं विचारलं, आणि तोच शब्द कोण, कोणाला, कुठल्या प्रोग्रॅममध्ये बोलतंय यावर मत बदलतं.

आकड्याशेजारी बारीक अक्षरात 'हिंसा, शिवीगाळ' अशी ओळ असते, मुलं सोबत असली की मी आता आधी तीच वाचते.