निशि-कासाईत बिऱ्हाड मांडताना

जपानमध्ये नवे आर्थिक वर्ष, शाळांचे नवे सत्र आणि कंपन्यांमधील नव्या भरतीचा मुहूर्त हे सगळे १ एप्रिललाच येते. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात सामानवाहू गाड्यांचे दर चढलेले असतात, वॉर्ड कार्यालयात क्रमांकाची चिठ्ठी घेऊन ताटकळावे लागते आणि बरे वाटलेले घर पाहायला जाईपर्यंत ते दुसऱ्या कोणीतरी घेतलेले असते. माझ्या पतींना टोकियोत एप्रिलमध्येच रुजू व्हायचे असल्यामुळे आमच्या वाट्याला नेमका हाच काळ आला. ज्यांना रुजू होण्याची तारीख थोडी पुढे ढकलून घेता येईल, त्यांनी एप्रिल-मेच्या संधीला येणारी ‘गोल्डन वीक’ची सुट्टी संपल्यावर यावे, असे मी सुचवीन. साकुराचा, म्हणजे चेरीचा, बहर पाहण्याचा योग हुकेल खरा. पण नव्याने आलेल्या माणसाला त्या दिवसांत वर मान करून झाडे पाहायला सवड मिळतेच असे नाही.

नारिता, हानेदा यांसारख्या मोठ्या विमानतळांवर उतरताच बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसाधारकाला ‘झाइर्यू कार्ड’ म्हणजे निवासी ओळखपत्र तिथल्या तिथे हाती देतात. हे कार्ड सदैव जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्या मागच्या बाजूस पत्त्यासाठी कोरी जागा असते आणि पुढच्या दिवसांतील सगळी धावपळ त्या कोऱ्या जागेभोवतीच चालते. पत्त्याची नोंद झाल्याखेरीज बँकेत खाते उघडत नाही, दूरध्वनीचा कायमचा क्रमांक मिळत नाही आणि आरोग्य विम्याचे कामही पुढे सरकत नाही. म्हणून या देशात आल्यावर कामांचा क्रम स्वतःच्या सोयीने लावण्याच्या फंदात पडू नये. आधी पत्ता, मग बाकी सारे, हा क्रम इथल्या व्यवस्थेने आपल्यासाठी आधीच लावून ठेवलेला आहे.

विमानतळावरच करून टाकावे असे आणखी एक काम म्हणजे सामान पुढे पाठविणे. इथल्या ‘ताक्क्युबिन’ सेवेच्या खिडकीवर मोठ्या बॅगा सोपवल्या, की त्या साधारणपणे दुसऱ्या दिवशी दिलेल्या पत्त्यावर पोहोचतात. टोकियोच्या अनेक स्थानकांत लिफ्ट फलाटाच्या एका टोकाला आणि बाहेर पडण्याचे दार दुसऱ्या टोकाला असते, त्यामुळे दोन माणसांनी चार बॅगा ओढत गाड्या बदलण्यापेक्षा हे पैसे खुशाल खर्च करावेत. मात्र पहिल्या रात्रीचे कपडे, औषधे आणि सगळी कागदपत्रे पाठीवरच्या पिशवीत ठेवावीत. औषधांच्या बाबतीत जपानचे नियम कडक आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्यापुरती आणता येतात, त्याहून जास्त साठा हवा असेल तर आगाऊ परवानगी काढावी लागते; आणि स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे तर घरीच ठेवून यावे हे उत्तम. ताजा कढीपत्ता, फळे आणि मांसाचे पदार्थही बॅगेत घालू नयेत.

पतींच्या कंपनीने सुरुवातीला महिनेवारी भाड्याच्या, सामानसुमान असलेल्या छोट्या खोलीची सोय करून दिली होती. अशा जागेत उतरणाऱ्यांनी तिथल्या पत्त्यावर नोंदणी करता येते का, हे आधीच विचारून घ्यावे, कारण पुढे घर घेताना ‘जुमिन्ह्यो’ म्हणजे नोंदणीकृत निवासाचा दाखला मागतात आणि तो पहिली नोंद झाल्याशिवाय निघत नाही. राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड कार्यालयात जाऊन ही नोंद करायची असते. नंतर घर बदलले, तर पुन्हा तितक्याच मुदतीत ती बदलून घ्यायची असते.

जोडप्यांसाठी इथे एक महत्त्वाची सूचना. नोंदणी कुटुंबाची होते, त्यात एक कुटुंबप्रमुख असतो आणि दुसऱ्याचे त्याच्याशी असलेले नाते कागदोपत्री दाखवावे लागते. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याचा जपानी अनुवाद, खाली अनुवादकाच्या नावासह, जोडावा लागतो. आपल्याकडे अनेक स्त्रियांच्या पारपत्रावर माहेरचे नाव असते आणि विवाहाच्या दाखल्यावर सासरचे. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझी दोन्ही नावे शेजारी शेजारी ठेवून, प्रत्येक अक्षराखाली पट्टी धरून ती ताडून पाहिली, मग आतल्या टेबलावरच्या वरिष्ठांना दाखवली आणि दोघांनी मिळून ती पुन्हा ताडली. त्यांच्या वागण्यात अविश्वास नव्हता, पण घाईही नव्हती. आपले नाव काताकाना या परकी नावे लिहिण्याच्या जपानी लिपीत कसे लिहायचे हेही इथेच एकदा ठरवून एका कागदावर लिहून ठेवावे. मधले नाव घालायचे की गाळायचे, दीर्घ स्वराची रेघ द्यायची की नाही, यात बँकेत एक आणि विम्याच्या कागदावर दुसरे असे झाले, तर पुढे पैसे जमा होताना विनाकारण अडथळा येतो.

नोंद होताच जुमिन्ह्योच्या दोन-तीन प्रती काढून घ्याव्यात. त्यानंतर बारा अंकी ‘माय नंबर’, म्हणजे प्रत्येक रहिवाशाचा ओळख क्रमांक, टपालाने घरी येतो. त्यासाठी टपालपेटीवर आपले आडनाव ठळक लावलेले असावे, नाहीतर पत्र परत जाण्याचा संभव असतो. कंपनीच्या आरोग्य विम्यात कमावता नसलेला जोडीदार समाविष्ट होऊ शकतो आणि दवाखान्यात बिलाच्या ३० टक्के रक्कम आपण द्यायची असते. निवृत्तिवेतनाची वर्गणीही सक्तीची आहे. भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू असल्यामुळे, भारतातील कंपनीने मर्यादित मुदतीसाठी पाठविलेल्या कर्मचाऱ्यांनी आपला भविष्य निर्वाह निधी तिकडेच चालू ठेवून इथल्या वर्गणीतून सूट मिळवता येते का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी, कारण त्याचा दाखला भारतातून आणावा लागतो.

बँक आणि दूरध्वनी या जोडगोळीने आम्हाला बरेच फिरवले. बँकेला दूरध्वनी क्रमांक हवा असतो आणि दूरध्वनी कंपनीला बँक खाते किंवा इथले क्रेडिट कार्ड. एका दुकानात तर भारतातले कार्ड चालेल असे सांगून, सगळा अर्ज भरून झाल्यावर ते नाकारण्यात आले. देशात येऊन सहा महिने झालेले नसलेल्या परदेशी माणसाला अनेक बँका खाते देण्याचे टाळतात. टपाल खात्याशी संलग्न असलेली युचो बँक त्या मानाने उदार आहे आणि तिची शाखा जवळपास प्रत्येक वस्तीत सापडते. कंपनीत कोणी मदतनीस असेल, तर त्याला सोबत घेऊन आधी युचो आणि मग दूरध्वनी, या क्रमाने जावे. नावाचा शिक्का, म्हणजे ‘हान्को’, आता सर्वत्र लागत नाही, तेव्हा तो भारतातूनच करून आणण्याचा खटाटोप करू नये.

घर शोधताना आमची नजर एदोगावा वॉर्डातील निशि-कासाई या भागाकडे वळली, त्याला कारण आहे. सन २००० च्या सुमारास भारतीय संगणक अभियंते टोकियोत मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा तोझाई या मेट्रो मार्गावरून ओतेमाची, निहोनबाशी या कार्यालयांच्या भागात थेट जाता येते म्हणून त्यांनी इथे घरे घेतली, आणि पुढे त्यांच्यामागून वाणसामानाची दुकाने, उपाहारगृहे आणि दिवाळीचा सार्वजनिक उत्सवही आला. याच वॉर्डाच्या परिषदेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते.

त्याहून मोठे कारण म्हणजे कोजिमाचो आणि सेइशिनचो येथील यूआर या निमसरकारी संस्थेच्या वसाहती. खाजगी घर घेताना ‘शिकीकिन’ म्हणजे अनामत, ‘रेइकिन’ म्हणजे घरमालकाला मान म्हणून द्यायची आणि कधीही परत न मिळणारी रक्कम, दलाली, हमीदार कंपनीचे शुल्क आणि पहिल्या महिन्याचे भाडे असे सगळे मिळून भाड्याच्या चार-पाच पट रक्कम एकदम मोजावी लागते. शिवाय परदेशी भाडेकरू नको, असे मालकाने कळवल्याचे दलाल अत्यंत विनयाने सांगतात. यूआरकडे रेइकिन नाही, दलाली नाही, भाडेकराराच्या नूतनीकरणाचे शुल्क नाही आणि हमीदारही लागत नाही. दोन महिन्यांची अनामत आणि उत्पन्नाचा ठरावीक निकष एवढे पुरते. इमारती जुन्या आहेत, स्नानगृहे अरुंद आहेत, तरीही पहिल्या घरासाठी मी डोळे झाकून हाच मार्ग सांगेन.

मजला निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. एदोगावा वॉर्डाचा बराचसा भाग भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डानेच काढलेल्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावर, मोठ्या पुराच्या वेळी इथे थांबणे योग्य नाही, असे आपल्याच रहिवाशांना रोखठोक बजावले आहे. तळमजला दोन पैसे स्वस्त असला, तरी आम्ही तो घेतला नाही. हा नकाशा वॉर्ड कार्यालयात मागून घ्यावा आणि आपल्या इमारतीला कोणते आश्रयस्थान नेमलेले आहे ते पाहून ठेवावे.

जपानी घर रिकामे म्हणजे अगदी रिकामे असते. छताला दिवे नसतात, केवळ एक गोल प्लास्टिकची बैठक असते आणि विकत आणलेला दिवा त्यात फिरवून बसवायचा असतो. पडदे नसतात, शेगडी नसते आणि पुष्कळदा वातानुकूलन यंत्रही नसते. म्हणून ताबा दिवसाउजेडी घ्यावा आणि त्याच दिवशी निदान एक दिवा घेऊन यावा. वीज आणि पाणी अर्ज करताच सुरू होते. गॅस सुरू करण्यासाठी मात्र कंपनीचा माणूस प्रत्यक्ष घरी येतो आणि त्या वेळी आपण हजर असावे लागते. त्याची वेळ ताबा घेण्यापूर्वीच ठरवून ठेवली नाही, तर मार्चच्या थंडीत गरम पाण्यावाचून राहण्याची पाळी येते. त्याच भेटीत त्याने मीटरवरचे एक बटण दाखवले. मोठा भूकंप झाला की मीटर आपोआप गॅस तोडतो आणि नंतर ते बटण दाबून पुरवठा पुन्हा सुरू करायचा असतो.

शेगडीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मराठी स्वयंपाकघराची गाडी नेमकी इथेच अडते. २००८ पासून जपानमधील घरगुती गॅस शेगड्यांच्या प्रत्येक बर्नरच्या मध्यभागी तापमान ओळखणारे एक बटणासारखे टोक असते. भांडे जास्त तापले असे त्याला वाटले, की ते ज्योत आपोआप बारीक करते. भाकरीसाठी तवा सणसणीत तापला, पहिली भाकरी उलटली, आणि ज्योत एकदम खाली गेली. फोडणीतली मोहरी तडतडण्यापूर्वीही तोच प्रकार. शेगडीच्या दर्शनी भागावर ‘आबुरी’ किंवा उच्च तापमानाचे एक कळबटण असते. ते सुमारे तीन सेकंद दाबून धरले, की काही काळ ज्योत मोठी ठेवता येते. विकत घेताना हे बटण आहे ना, हे दुकानदाराला दाखवून विचारावे. आपल्या इमारतीच्या गॅसचा प्रकारही सांगावा, कारण पाइपमधून येणाऱ्या गॅसची आणि सिलिंडरची शेगडी वेगवेगळी असते. विजेच्या इंडक्शन शेगडीचे घर मिळाले, तर ॲल्युमिनियमचा कुकर कुचकामी ठरतो, म्हणून स्टीलचा जाड बुडाचा आणावा. इथली वीज १०० व्होल्टची असल्यामुळे भारतातला मिक्सर आणायचा, तर वजनदार ट्रान्सफॉर्मरही घ्यावा लागतो. आम्ही दोन्ही टाळले.

गोडा मसाला, पोहे, कोकम या वस्तू थोड्या आणाव्यात. तूरडाळ, हिंग, कणीक निशि-कासाईच्या भारतीय दुकानांत मिळते. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे, की मासा दिसत नसलेल्या पदार्थातही माशाचा अर्क असतो. मिसो सूप आणि भाज्यांच्या रश्श्यातही तो घातलेला असतो. पावाच्या आणि बिस्किटांच्या वेष्टनामागचा मजकूर फोनच्या कॅमेऱ्याने वाचून घेण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावावी.

कचऱ्याचे वेळापत्रक वसाहतीच्या फलकावर असते. जळणारा, न जळणारा आणि पुनर्वापराचा कचरा वेगवेगळ्या वारी, सकाळी आठच्या आत, कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली ठेवायचा. बाटलीचे झाकण आणि लेबल काढून ती वेगळी टाकायची. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी चिकटपट्टीवरच्या सूचनेसह तिथेच राहते, सगळ्यांना दिसेल अशी.

तोझाई मार्गाच्या गर्दीची भीती इथले लोक नवख्याला आवर्जून घालतात. २०१९ मध्ये या मार्गाच्या सर्वांत गजबजलेल्या टप्प्यात गाड्या क्षमतेच्या जवळपास दुप्पट भरत असत. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळची ८ वाजून काही मिनिटांची गाडी पकडलेल्या माणसाला मात्र त्यात फारसे नवल वाटत नाही; फरक इतकाच, की इथे दाबली गेलेली माणसेही गप्प असतात.

राहिली ती सोबत आलेल्या जोडीदाराच्या नोकरीची बाब. ‘काझोकु ताइझाई’, म्हणजे कुटुंबीय या नात्याने मिळालेल्या व्हिसावर काम करता येत नाही. त्यासाठी इमिग्रेशन कार्यालयातून वेगळी परवानगी काढावी लागते आणि तीही आठवड्याला २८ तासांपर्यंतच असते. अर्ज लवकर करावा, कारण परवानगीला वेळ लागतो आणि पूर्णवेळ नोकरी मिळाल्यास व्हिसाचा प्रकारच बदलावा लागतो. घरखर्चाचा हिशेब मांडताना रहिवासी कराचीही तरतूद ठेवावी. तो आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर बसतो आणि १ जानेवारीला ज्या वॉर्डात राहत असाल, तिथून आकारला जातो, म्हणून पहिल्या वर्षी हाती येणारा पगार खरा मानू नये. दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून त्यात चांगलीच कपात होते.