आमची वाटचाल : गोठणगावचा मोमो, नागपूरचं जेवण

मोमो म्हणजे गाडीवर उभ्या उभ्या खायचा पदार्थ, असं नागपुरात ठरून गेलेलं असताना आम्ही टेबल-खुर्च्या मांडून मोमोचं रेस्टॉरंट काढलं. लोकांनी घरच्यांना घेऊन संध्याकाळी यावं, निवांत बसावं आणि पोटभर जेवून जावं, एवढंच मनात होतं. आजही तेच आहे.

या धंद्याचं मूळ गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावात आहे. इटियाडोह धरणाजवळच्या या गावी १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. हा सगळा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. माझे वडील त्या तालुक्यात शिक्षक होते, त्यामुळे थुक्पा (नूडल्सचं सूप), टिंगमो (वाफवलेला पाव), मोमो ही नावं मला शाळकरी वयापासून ओळखीची. धंदा करायचं ठरल्यावर मी आणि माझी बायको वसाहतीतल्या एका आजीबाईंकडे शिकायला गेलो. सगळे त्यांना आमा-ला म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांनी फी घेतली नाही. अट एकच घातली : मोमो वाफेवरून उतरला की लगेच ताटात गेला पाहिजे.

ती अट आमच्या धंद्याचा कणा आहे. मोमोची पारी कडेला पातळ आणि मध्ये जाडसर लाटतात, म्हणजे सारणाच्या वजनाने बूड फाटत नाही. सारणात कांदा, आलं, लसूण, कोथिंबीर आणि बऱ्यापैकी तेल. दहा-बारा मिनिटं वाफ लागली की आत गरम रस सुटतो. मोमोची सगळी गंमत त्या रसात आहे. डब्यात भरून पाठवला तर रस पारीत जिरतो, वरचा पापुद्रा वातड होतो आणि मोमो एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून आम्ही घरपोच देत नाही. गिऱ्हाईक जातं, हे मान्य. पण आमच्या नावाने कोणाच्या घरी गार मोमो जावा, हे आम्हाला पटत नाही.

माणसं कुठून आणायची, हा पहिला मोठा प्रश्न. डोंगराकडचे कारागीर बोलवा, असं पुष्कळांनी सुचवलं. माझ्या बायकोने वेगळाच विचार केला. दिवाळीत ऑर्डरच्या करंज्या करून देणाऱ्या वस्तीतल्या ताई तिला ठाऊक होत्या. ज्या हाताला करंजीची मुरड घालता येते, त्याला मोमोची चुणी शिकवायला वेळ लागत नाही. अंगठ्याने कड पुढे सारायची, तर्जनीने दुमडायची, दुसऱ्या हाताने सारण आत दाबत गोल फिरवत न्यायचं आणि शेवटी चिमटा. आमा-ला एकदा मुद्दाम बघायला आल्या. ताईंची चुणी त्यांनी डोळ्यांजवळ धरून तपासली आणि त्यांच्याच शेजारी पाट घेऊन बसल्या. आमचा सगळा मोमो आजही या ताईंच्या हातचा आहे. मशीन घेतलेलं नाही, घेणारही नाही.

चटणीच्या बाबतीत मात्र आम्ही नागपूरकरच. आमा-लांची सेपेन म्हणजे लाल मिरची, लसूण आणि टोमॅटो. त्यात आम्ही भिवापुरी मिरची घातली आणि भाजलेल्या तिळाचं कूट मिसळलं. सावजीवर वाढलेल्या जिभांना ती लगेच रुचली. पुढे नेपाळी पद्धतीच्या झोल मोमोची, म्हणजे रश्शातल्या मोमोची मागणी येऊ लागली. त्या रश्शाला टिमूर लागतो. तो कोकणातल्या तिरफळाच्या कुळातला, जिभेला तशाच मुंग्या आणणारा. टिमूर मिळाला तरच झोल करतो, नाही तर फळ्यावरून नाव पुसतो.

व्हेज आणि नॉनव्हेजचे मोकतू, म्हणजे वाफवायचे थरांचे डबे, पहिल्या दिवसापासून वेगळे आहेत. शेगड्या, पाट, फडकीही वेगळी. श्रावणात कोबी-पनीरचेच मोमो जास्त जातात. चिरलेल्या कोबीला मीठ लावून तो घट्ट पिळून घ्यावा लागतो, त्यात हयगय केली तर पारी चिघळते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकला की मळलेला मैदा बघता बघता सुकतो. तेव्हा लाटलेल्या पाऱ्या ओल्या पंचाखाली ठेवायच्या आणि चार-चारच करत जायच्या. वाफेच्या शेगडीपाशी त्या दिवसांत उभं राहणं सोपं नाही, म्हणून मे महिन्यात ताईंच्या पाळ्या लहान असतात आणि पगार पूर्ण.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. टेबलांवर चालणाऱ्या धंद्याला टेबलंच उरली नाहीत. परवानगी मिळाल्यावर आम्ही आसपासच्या वस्तीत कच्चे मोमो द्यायला लागलो. सोबत कागदावर कृती लिहिलेली : इडलीपात्राला तेल लावा, पाणी उकळू द्या, मग ठेवा. घराघरांत इडलीपात्र होतंच. एकाही ताईंना घरी बसवावं लागलं नाही, याचं आम्हा दोघांना फार समाधान आहे.

आता शनिवारी संध्याकाळी तीन-तीन पिढ्या एका टेबलावर दिसतात. आधी सगळ्यांना गरम सूप देतो, कारण मोमो ऑर्डर आल्यावरच वाफेला लागतो. परवा एक आजी पहिल्यांदाच आल्या होत्या. नातीने दाखवलं, "आजी, आधी कडेला छोटा घास घे, रस पिऊन घे, मग बाकीचा." आजींनी तसंच केलं आणि म्हणाल्या, "बाप्पा, हे त पोटाले हलकं हाये! अजून सांग एक प्लेट." ती दुसरी प्लेट मी स्वतः नेऊन दिली.

दुसरी शाखा कधी, असं बरेच जण विचारतात. चुणी घालणारे आणखी हात तयार झाले की. सध्या दोन नव्या ताई शिकत आहेत. सोमवारी बंद असतो, बाकी दिवस संध्याकाळी सहापासून. शनिवार-रविवारी आठनंतर येणार असाल तर आधी फोन करा, म्हणजे टेबल राखून ठेवता येईल.