जुन्या ट्रॅक्टरचं काम: आधी माप, मग भाव

मुरबाड-शहापूरकडे एखाद्या पडवीत जुना मॅसी फर्ग्युसन ३५ किंवा इंटरनॅशनल बी-२७५ उभा असेल आणि तो पुन्हा चालता करायचा असेल, तर मिस्त्रीचा ठोक आकडा कबूल करू नका. इंजिन खोलेपर्यंत खरा खर्च कुणालाच माहीत नसतो, म्हणून ठोक भावात मिस्त्री आपली जोखीम आधीच धरतो. खोलणं, धुणं, मोजणं यांची मजुरी वेगळी ठरवा. मापं हातात आली की सुटे भाग, मशीनशॉप आणि फिटिंग असे तीन वेगवेगळे भाव मागा.

सर्वांत जास्त पैसे क्रँकवर (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) वाया जातात. प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने आडवं-उभं मोजा. ग्राइंडिंग साधारण दहा, वीस, तीस थाऊ (०.०१०, ०.०२०, ०.०३० इंच) अशा टप्प्यांनी होतं आणि मेटल (जर्नलभोवती बसणारी बेअरिंगची वाटी) त्याच साइझचं लागतं. त्यामुळे ग्राइंडिंगआधी मेटल विकत घेऊच नका. जुन्या मेटलच्या पाठीवर साइझ कोरलेला असतो. तिथे तीस दिसलं, तर कदाचित क्रँकच बदलावा लागेल. ते गृहीत धरून मगच पुढचा खर्च करा.

पिस्टन सेट नुसता ‘मॅसीचा’ म्हणून मागू नका. मॅसीत पर्किन्सचं इंजिन असतं; त्याच्या नावातला पहिला आकडा सिलिंडर किती ते सांगतो, पुढचे तीन क्षमता किती घन इंच ते. ३.१५२ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.६ इंच, ३.१४४ चा ३.५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हींचा ५ इंच. बाहेरून फारसा फरक कळत नाही, पण एकाचा पिस्टन दुसऱ्याला चालत नाही. ब्लॉकवरचा नंबर घासून, फोटो काढून दुकानात दाखवा.

‘पंप गेला’ (म्हणजे इंजिनाला डिझेल देणारा पंप) हे वाक्य महाग पडतं. सीएव्ही कंपनीचा डीपीए जातीचा पंप असेल तर एक चाचणी घरीच होते. गरम इंजिन बंद केल्यावर पुन्हा चालू होत नसेल, तर पंपावर थंड पाण्याचा ओला फडका थोडा वेळ ठेवा. मग चालू झालं, तर हेड-रोटर (पंपातला डिझेल दाबून वाटणारा फिरता भाग) झिजलाय आणि तो खर्च खरा आहे. नुसतं डिझेल गळत असेल, तर बऱ्याचदा सील किटवर भागतं. पंप टेस्ट बेंचवर लावून तपासल्याचा चार्ट मागा, त्याशिवाय कॅलिब्रेशनचे (पंपाचं माप जुळवण्याचे) पैसे देऊ नका.

बेअरिंगवर नंबर असतो आणि ऑइल सीलवर माप. ती घेऊन वागळे इस्टेट किंवा रबाळेकडच्या बेअरिंगवाल्याला विचारा, ट्रॅक्टरच्या दुकानातल्या भावाशी ताडून बघा. ब्रिटिश ट्रॅक्टरवर इंचाची बेअरिंग आणि इंचाचे आटे असतात. जवळपास बसतो म्हणून मेट्रिक बोल्ट आवळला की कास्टिंगचे आटे जातात, मग ड्रिल करून इन्सर्ट (नव्या आट्यांची नळी) टाकण्याचा खर्च वाढतो.

पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या मागच्या टायर-ट्यूबवर आणि अनेक सुट्या भागांवर जीएसटी १८ ऐवजी ५ टक्के झालाय. जुना दर लावलाय का, ते ओळीओळीने तपासा. टायरवर जुना ११-२८ साइझ असेल, तर आता तो १२.४-२८ नावाने मिळतो.

काढून टाकलेला प्रत्येक जुना भाग परत मागा आणि रंगाआधी चॅसिस नंबरवर मास्किंग टेप लावून घ्या.