हार्ड डिस्क किती दिवसांनी डीफ्रॅग करावी? आधी डिस्क कोणती आहे ते बघा

डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे जोडून सलग लावणं. कुणी सांगतं दर आठवड्याला डीफ्रॅग करा, कुणी सांगतं महिन्यातून एकदा. असे सल्ले मुख्यतः विंडोज ९८ आणि एक्सपीच्या दिवसांतले आहेत. तेव्हा हे काम आपणच आठवणीने करावं लागायचं. व्हिस्टापासून पुढे विंडोज ते वेळापत्रकाप्रमाणे आपलं आपण करतं. त्यामुळे आता बघायचं ते एवढंच, की आपल्या मशीनवर ते खरंच होतंय का आणि त्या डिस्कला त्याची गरज आहे का.

स्टार्ट मेनूत ‘डीफ्रॅग’ टाइप करा आणि ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ उघडा. प्रत्येक ड्राइव्हपुढे मीडिया टाइप, शेवटची तारीख आणि सध्याची स्थिती दिसते. मीडिया टाइपमध्ये ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ (म्हणजे एसएसडी) असेल तर तुम्हाला डीफ्रॅग करायचं काहीच कारण नाही. एसएसडीत फिरणारी चकती नसते, तिच्यावरून डेटा वाचणारं-लिहिणारं हेड नसतं. फाइल एका जागी असली काय नि शंभर तुकड्यांत असली काय, वाचायला लागणाऱ्या वेळात जाणवण्याइतका फरक पडत नाही. उलट डेटा इकडून तिकडे हलवला की तेवढं लिखाण वाढतं आणि एसएसडीचं आयुष्य लिखाणावर मोजलं जातं. त्या खिडकीतलं ‘ऑप्टिमाइझ’ बटण एसएसडीवर ट्रिम चालवतं, म्हणजे कोणते ब्लॉक आता रिकामे समजायचे ते ड्राइव्हला कळवतं. हे काही सेकंदांत, फार तर मिनिटा-दोन मिनिटांत उरकतं आणि ते चालू राहू द्यावं.

एक बारकावा. सिस्टम रिस्टोअर (मशीन मागच्या स्थितीत नेण्याची सोय) चालू असेल तर विंडोज साधारण महिन्यातून एकदा एसएसडीवरही खराखुरा डीफ्रॅग करतं. त्यासाठी स्नॅपशॉट (मागच्या स्थितीच्या नोंदी) ठेवलेल्या ड्राइव्हवर फार तुकडे झालेल्या फायलींमुळे लिखाण मंदावतं, शिवाय एका फाइलचे किती तुकडे नोंदवता येतील याला एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फायली ठेवण्याच्या पद्धतीत) मर्यादा आहे. हे मर्यादित काम असतं, त्याला घाबरून सगळं वेळापत्रक बंद करू नका. मात्र यूएसबी केसमध्ये घातलेली किंवा क्लोन करून बसवलेली एसएसडी कधी कधी ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ म्हणून दिसते. तशी दिसली तर त्या ड्राइव्हची खूण वेळापत्रकातून काढून टाका. आतली सिस्टम ड्राइव्ह असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘विनसॅट फॉर्मल’ ही कमांड एकदा चालवा, बहुतेक वेळा ओळख दुरुस्त होते.

आता फिरत्या डिस्कबद्दल, कारण डीफ्रॅगचा खरा विषय तीच आहे. ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्यांची) लॅपटॉप डिस्क एका फेरीला ११ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर (चकतीवरच्या गोल पट्टीवर) न्यायला साधारण १२ मिलिसेकंद. प्रत्येक नव्या तुकड्यासाठी हा १७-१८ मिलिसेकंदांचा खर्च पुन्हा. सलग लिहिलेली ४० एमबीची फाइल सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने अर्ध्या सेकंदाच्या आत वाचून होते. तीच फाइल डिस्कभर विखुरलेल्या २००० तुकड्यांत असेल तर फक्त हेडच्या धावपळीत ३०-३५ सेकंद जातात. मशीन ‘हँग’ झाल्यासारखं वाटतं, डिस्कमधून कुरकुर ऐकू येते, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसत असताना प्रत्यक्ष वेग सेकंदाला एक-दोन एमबी असतो.

हाच हिशेब उलटा करून बघा. ६४ एमबीचा एक सलग तुकडा वाचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, त्यात १८ मिलिसेकंदांची भर म्हणजे जेमतेम ३ टक्के. म्हणून विंडोजचं टूल ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्यांना तुकडे म्हणून मोजतच नाही. लग्नाचे व्हिडिओ आणि सिनेमे भरलेली डिस्क ‘० टक्के’ दाखवते ती त्यामुळेच, आणि ते योग्यच आहे.

तर फिरत्या डिस्कसाठी माझं उत्तर: विंडोजचं ‘वीकली’ वेळापत्रक तसंच ठेवा. एकदा डिस्क नीट लागली की पुढच्या प्रत्येक वेळी काम थोडंच उरतं. हाताने चालवायचं ते ‘ॲनलाइझ’ करून तुकड्यांचा आकडा १० टक्क्यांच्या वर गेला तर, किंवा मोठी उलथापालथ झाल्यावर: विंडोजचं मोठं अपडेट, १००-२०० जीबी डेटा काढून नवा भरला, एखादा मोठा गेम किंवा सॉफ्टवेअर टाकलं. नुसता डेटा साठवायच्या डिस्कला महिन्याने काय, तिमाहीने केलं तरी चालतं. रोज करण्यात मात्र अर्थ नाही, हेडला नुसतं पळवणं होतं.

आपल्याकडच्या दुकानांत, डीटीपी सेंटरमध्ये, शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ऑटोमॅटिक मेंटेनन्सची मूळ वेळ रात्री २ ची आहे, आणि संध्याकाळी मेन स्विच बंद करून शटर ओढलेलं असतं. दिवसा मशीन मोकळं सापडलं तर विंडोज काम सुरू करतं, पण कुणी माउस हलवला की थांबतं. लॅपटॉप चार्जरवर नसेल तर सुरूच होत नाही. मग शेवटच्या तारखेच्या रकान्यात कित्येक महिन्यांपूर्वीची तारीख किंवा ‘नेव्हर रन’ दिसतं. यावर उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनलमध्ये ‘सिक्युरिटी अँड मेंटेनन्स’ उघडा, ‘मेंटेनन्स’खाली ‘चेंज मेंटेनन्स सेटिंग्ज’मध्ये जा आणि वेळ जेवणाच्या सुट्टीची करा, समजा दुपारी दीडची. त्या वेळात मशीन चालू ठेवा आणि स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’च्या सेटिंगमध्ये लागोपाठ ३ वेळा काम चुकलं तर प्राधान्य वाढवण्याची खूणही आहे, ती असू द्या.

टक्केवारी कधी कधी फसवते. १ टीबीच्या डिस्कवर एकूण २ टक्के दिसतात, पण रोज थोडी थोडी वाढणारी एकच फाइल हजारो तुकड्यांत असते. टॅलीचा डेटा, आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल ही नेहमीची उदाहरणं. एनटीएफएसमध्ये जागा ४ केबीच्या क्लस्टरमध्ये (छोट्या कप्प्यांत) दिली जाते. फाइल वाढताना शेजारची जागा दुसऱ्या फाइलने घेतलेली असेल तर पुढचा भाग दूर कुठेतरी पडतो. अशा वेळी सगळी डिस्क ढवळू नका. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात ‘कॉन्टिग’ नावाचं छोटं मोफत टूल आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये त्याचं नाव, मग वजा चिन्ह लावलेलं ‘ए’ आणि फाइलचा पूर्ण पत्ता दिला की ते तुकडे मोजून सांगतं. ‘ए’ न देता चालवलं की तेवढी फाइल सलग करतं. आधी बॅकअप घ्या आणि टॅली किंवा आउटलुक बंद करा.

काम ३० किंवा ४० टक्क्यांवर अडून बसणं, रात्रभर चालवूनही आकडा न हलणं, याचं सगळ्यात नेहमीचं कारण मोकळी जागा नसणं हे आहे. तुकडे जोडायला सलग रिकामी जागा लागते, आणि काम पूर्ण व्हायला ड्राइव्हवर किमान १५ टक्के मोकळे हवेत. २०० जीबीच्या सी ड्राइव्हवर म्हणजे ३० जीबी. एवढी जागा नसेल तर आधी डाउनलोड फोल्डर, रिसायकल बिन, जुनी विंडोज इन्स्टॉलेशन साफ करा, नको ती सॉफ्टवेअर काढा, आणि डीफ्रॅग त्यानंतर. उलट क्रमाने केलंत तर नीट लावलेल्या डेटात परत भोकं पडतात. ड्राइव्हवर त्रुटीची नोंद असेल तर विंडोज डीफ्रॅग सुरूच करत नाही, तिथे चेकडिस्क (त्रुटी शोधून दुरुस्त करणारं विंडोजचं टूल) एफ पर्यायासह आधी चालवावं लागतं.

आणि हे मात्र कधीही टाळू नका: डीफ्रॅगआधी डिस्कची तब्येत. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे डिस्कची तब्येत दाखवणारं टूल उघडून ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींची रॉ व्हॅल्यू बघा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे भाग), सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. सी५ किंवा सी६ शून्य नसेल, किंवा ०५ चा आकडा वाढत असेल, तर डीफ्रॅग करू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्‌तास वाचन-लेखन करवणं म्हणजे तिला शेवटचा धक्का देणं आहे. डेटा त्याच दिवशी दुसरीकडे उतरवा.

गेल्या काही वर्षांतल्या १ आणि २ टीबीच्या अडीच इंची डिस्कपैकी बऱ्याच एसएमआर प्रकारच्या आहेत. यांत ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधलाच एक ट्रॅक बदलायचा तर त्याच्या पुढचा सगळा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. डीफ्रॅग नेमकं हेच सतत करतं. सुरुवातीला वेग चांगला असतो, मग डिस्कमधली तात्पुरती जागा भरते आणि गाडी सेकंदाला काही एमबीवर येते. अशी बाहेरची डिस्क फारच विखुरली असेल तर सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, कॉपी तपासा, क्विक फॉरमॅट करा आणि परत भरा. सलग लिखाण असल्यामुळे हे लवकर होतं आणि बॅकअपही हातात राहतो.

मध्येच लाइट गेली तर? विंडोज आधी तुकडा नव्या जागी लिहितं आणि मग नोंद बदलतं, त्यामुळे फाइल जाण्याची शक्यता कमी असते. शून्य नसते, कारण डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये अडकलेलं लिखाण जाऊ शकतं. लोडशेडिंगच्या भागात डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय पहिला मोठा डीफ्रॅग करू नये. १ टीबीच्या भरलेल्या डिस्कला पहिल्यांदा सहज ५-६ तास लागतात.

एवढं करूनही विंडोज सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागत असतील, तर दोष तुकड्यांचा नाही. सुरू होताना विंडोज हजारो छोट्या फायली वाचतं, आणि त्या प्रत्येकी सलग असल्या तरी हेडला एकीकडून दुसरीकडे जावंच लागतं. जिथे हेडला १७ मिलिसेकंद लागतात तिथे एसएसडी ०.१ मिलिसेकंदात उत्तर देते. २५६ जीबीची साटा जोडणीची एसएसडी घ्या, तिच्यावर विंडोज टाका. ती बहुतेक ७ मिलिमीटर जाडीची असते. जुन्या लॅपटॉपमधली जागा साडेनऊ मिलिमीटरची असेल तर सोबत मिळणारी प्लॅस्टिकची चौकट लावा, नाहीतर कनेक्टर हलतो. जुनी हार्ड डिस्क तब्येतीने ठीक असेल तर डेटासाठी ठेवा, आणि तिचं वेळापत्रक वीकलीवर.