पंप थांबत नव्हता

आमच्याकडे उन्हाळ्यात पेट्रोल गळतं ते दिसत नाही. पारा 45 वर गेला की थेंब नळीवरून सुटायच्या आत उडून जातो. खाली डाग नाही, हाताला ओल नाही, नुसता वास. आणि वासाला दिशा नसते.

पांढरकवड्याच्या अलीकडे, नागपूर-हैदराबाद हायवेला लागून माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टरचे क्लच, कापसाच्या पिकअपचे ब्रेक, असलंच काम. मे महिन्यातल्या एका दुपारी दारात लाल रंगाची, माझ्या कमरेलाही न लागणारी गाडी येऊन थांबली. एमजीबी, इंग्रजांची जुनी स्पोर्ट्स गाडी, 1971 ची. मालक साठीचे, नागपूरचे डॉक्टर, हैदराबादला निघालेले. मे महिन्यात कापडी टपाची गाडी घेऊन निघणाऱ्या माणसाबद्दल माझं मत मी इथं लिहीत नाही. "बुटीबोरीपासून पेट्रोलचा वास येतोय," ते म्हणाले, "गाडी जुनी आहे, थोडा येणारच म्हणा."

बोनेट उघडलं आणि मी हसलोच. समोर अँबॅसिडर! अँबॅसिडरचं इंजिन 1489 सीसी, हे 1798, पण घराणं एकच, इंग्रजांचं बी-सिरीज. बाबांची सगळी हयात त्यात गेली. फरक एवढाच की इथं एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, म्हणजे इंजिनसाठी पेट्रोल हवेत मिसळणारे भाग, शेजारी शेजारी बसवलेले. बाबांची सूती पान्यांची, म्हणजे इंची मापाच्या पान्यांची पेटी मी काढली; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आजकालच्या पोरांना मिलिमीटरचे दहा-बारा-चौदाच माहीत. साडेतीन सूत म्हटलं की तोंडाकडे बघतात. त्या पेटीला दोन वर्षांत हात लागला नव्हता. जुनी ओळख भेटली म्हणून मी हुरळलो, आणि खरं सांगायचं तर तिथंच चुकलो.

पुढच्या कार्बोरेटरचा ओव्हरफ्लो, म्हणजे जास्तीचं पेट्रोल बाहेर पडायची नळी, ओली होती. पेट्रोल साठतं त्या फ्लोट चेंबरचं झाकण काढलं, पेट्रोल अडवणाऱ्या निडलच्या सीटमध्ये बारीक कचरा अडकलेला. साफ केला, फुंकर मारली, बसवलं. ओव्हरफ्लो बंद. डॉक्टरसाहेबांना अँबॅसिडरच्या दोन गोष्टीही ऐकवल्या.

या गाडीचा पेट्रोल पंप इलेक्ट्रिकचा, मागे बसवलेला. चावी फिरवली की टिकटिक करतो, आणि कार्बोरेटर भरले की गप्प बसतो. इंजिन बंद ठेवून नुसती चावी चालू केली आणि तो गप्प बसला नाही, तर पेट्रोल कुठंतरी जातंय. हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं.

माझ्या हाताखालचा पोरगा मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला होता. म्हणाला, "भाऊ, पंप अजून वाजूनच राह्यला ना."

"तुले काय समजते बे? जुना पंप हाय, व्हॉल्व्ह ढिला असन. मधातच टिकटिकते."

तो उठून हात धुवायला गेला. डॉक्टरसाहेब निघाले.

तासाभरानं परत आले. पाटणबोरीच्या अलीकडूनच गाडी वळवली होती. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "मिस्त्री, आता मागून येतोय हो वास," एवढंच बोलले.

मग मी ते केलं जे आधी करायला पाहिजे होतं. पहिले बॅटरी काढायची. पेट्रोल सांडत असताना ठिणगी नको, आणि या पंपाच्या आत वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट असतात, तेच ठिणगी मारतात. बॅटरी शोधता शोधता पाच मिनिटं गेली. सीटच्या मागे, गालिच्याखालच्या झाकणात, एक नाही तर सहा-सहा व्होल्टच्या दोन.

मागून जॅक लावला, खाली ठोकळे दिले, पोरगा टॉर्च घेऊन खाली शिरला. ओलं काहीच नव्हतं. पण पंपातून निघणारी रबरी नळी पुढच्या लोखंडी पाइपला जोडते, तिथं धुळीनं माखलेल्या पाइपवर बोटभर जागा धुतल्यासारखी लख्ख होती. पेट्रोल धूळ धुवून घेऊन जातं ना! चिंधी गुंडाळून बॅटरी घडीभर जोडली. चिंधी ओली.

नळी बाहेरून नवीकोरी, क्लिप चकचकीत. ब्लेडनं उभी चिरली तर आतून चिकट, बोटाला काळं लागणारी. क्लिप आवळून आवळून त्या मऊ रबरात रुतली होती. गाडी दोन वर्षांपूर्वी शहरात नव्यासारखी करून घेतलेली. रंगाच्या आरशात तोंड दिसेल, क्रोमवर तर बोटं फिरवत राहावी. आणि जिच्यातून पेट्रोल वाहणार ती नळी सगळ्यात स्वस्तातली. या लोकांना गाडी प्रदर्शनात उभी करता येते, चालवायला लावू नका.

डॉक्टरसाहेबांनी लगेच इथेनॉलवर बोट ठेवलं. अर्धं खरं आहे. रस्त्यावरच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि साध्या रबराला ते आतून फुगवतं, मऊ करतं. पण त्यासाठी वेगळी नळी मिळते आणि ती काही सोन्याची नसते.

पोराला मोटरसायकलवर पांढरकवड्याला पिटाळलं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीची 8 मिलिमीटरची नळी आणि कडा न रुतणाऱ्या क्लिपा. मूळ माप अडीच सूत, म्हणजे 7.94 मिलिमीटर; घट्ट बसते. ती नळी कितीतरी पट दाबाला बनवलेली, इथं दाब जेमतेम तीन पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तीन पौंड. पंपाच्या अलीकडची नि इंजिनजवळची नळीही बदलली, कारण तीही त्याच हातची.

चावी फिरवली. टिकटिक, टिकटिक, टिक. गप्प. आम्ही तिघं तसेच उभे राहिलो. मी मनात शंभरपर्यंत मोजलं.

पहिल्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत. डॉक्टरसाहेब म्हणाले, "मघाशी नसेल आलं लक्षात, होतं असं." मी मान हलवली. जाताना त्यांनी पोराच्या हातात शंभराची नोट ठेवली, तापलेल्या गाडीखाली शिरला होता म्हणून. टिकटिकीचं मी त्यांना सांगितलं नाही. पोरगाही काही बोलला नाही. नोट खिशात घालून सूती पाने पुसायला बसला.